मंजुरी मिळाली, पण नकाशा बदलला का?

पाणथळ जागेजवळ सरकारी इमारत वाढवायची असेल तर स्थानिक संस्था तिचा आढावा कसा घेते, या विषयावर प्रपोजल लिहायला बसलात की पहिला मोह ठरलेला असतो. किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले, काढा टक्केवारी. जवळजवळ सगळेच मंजूर दिसले की निष्कर्षही तयार: आढावा म्हणजे नुसता शिक्का. हा निष्कर्ष खोटाच असेल असं मी म्हणत नाही. पण तो या आकड्यातून निघत नाही, आणि व्हायव्हाला बसलेला परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतो.

उदाहरणासाठी अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य घेऊ, कारण तिथं हा आढावा खरोखर गावपातळीवर होतो आणि कागद उघडे असतात. १९७२च्या पाणथळ संरक्षण कायद्याची अंमलबजावणी तिथं गावोगावची कॉन्झर्व्हेशन कमिशन करतात. ३ ते ७ सदस्य, गावातलेच लोक, बिनपगारी. शाळेला वर्गखोल्या जोडायच्या असोत की ग्रंथालय वाढवायचं असो, काम पाणथळीच्या कडेपासून १०० फुटांच्या आत येत असेल तर खुद्द गावालाही या समितीपुढे अर्ज घेऊन उभं राहावं लागतं. अर्ज आल्यापासून २१ दिवसांत जाहीर सुनावणी, मग लेखी अटींचा आदेश. अर्जदार गाव, परीक्षकही गावच. घरचाच वकील आणि घरचाच न्यायाधीश, असं वाटणं साहजिक आहे.

आता टक्केवारीचा घोळ बघा. १०० फुटांची रेषा आर्किटेक्टला आधीपासून माहीत असते. त्यामुळे सगळ्यात वाईट आराखडा अर्जापर्यंत पोहोचतच नाही, तो ऑफिसातच मरतो. जो पोहोचतो तो सुनावणीत बदलू शकतो: एक तारीख, दुसरी तारीख, सुधारित नकाशा. शेवटी तुमच्या एक्सेलमध्ये काय उरतं? ‘मंजूर’. कायद्याच्या धाकानं मागे सरकलेलं पार्किंग आणि कुणीही न वाचता शिक्का मारलेलं पार्किंग, दोन्ही एकाच रकान्यात.

म्हणून मोजायचंच असेल तर नकाशा मोजा. अर्जासोबत आलेला पहिला नकाशा काढा आणि आदेशात तारखेसह नोंदवलेला अंतिम नकाशा त्यावर ठेवा. इमारतीचा कोपरा हलला का? डांबरी पृष्ठभाग कमी झाला का? पावसाचं पाणी आधी कुठं सोडलं होतं, आता कुठं? की सगळं जागच्या जागी आणि फक्त कडेला चार झाडं वाढलीत? काम किचकट आहे, पन्नास फायलींत डोळे जातात. पण आढाव्यानं काही केलं की नाही, हे इथंच दिसतं.

अर्थात कागदावर हललेलं जमिनीवर हललं असेलच असं नाही. मॅसॅच्युसेट्सच्या नियमांत ५,००० चौरस फुटांपर्यंत पाणथळ बुजवायला परवानगी मिळू शकते, बदल्यात तेवढीच नवी तयार करायची आणि दोन हंगामांत तिचा किमान ७५ टक्के भाग स्थानिक पाणवनस्पतींनी झाकला गेला पाहिजे. वाचायला छान. ब्राउन आणि व्हेनमन यांनी अशा जागा प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या. २००१ साली ‘वेटलँड्स’ या नियतकालिकात आलेला त्यांचा निबंध जरूर वाचा. निम्म्याहून जास्त प्रकल्प नियमांत बसत नव्हते, आणि साधारण पाचातल्या एकात तर नवी पाणथळ तयार करायचा प्रयत्नच झाला नव्हता. आदेश मात्र प्रत्येकाच्या फायलीत असणार!

तुमच्यापैकी बरेच जण हीच चौकट महाराष्ट्राला लावायला निघाल, तर थोडं थांबा. (सीआरझेड आणि पर्यावरण मंजुरी हे वेगळे रस्ते आहेत, इथं फक्त स्थानिक संस्थेबद्दल बोलतेय.) आपल्याकडे १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम ५८ आहे. सरकारी खात्याला बांधकाम करायचं असेल तर ते नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे बहुतेक शहरांत महापालिकेला, किमान ३० दिवस आधी लेखी कळवतं. पालिका हरकत घेऊ शकते. खात्याला ती मान्य नसेल तर प्रकरण राज्य सरकारकडे जातं. म्हणजे बांधणारं सरकार आणि हरकतीचा निकाल देणारंही सरकारच. जाहीर सुनावणीची तरतूद या कलमात नाही. तिथल्या बिनपगारी समितीला मघाशी घरचा न्यायाधीश म्हटलं खरं, पण निदान तिचं कोर्ट उघड्यावर भरतं.

२०१७च्या पाणथळ नियमांतली ५० मीटरची मर्यादा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. पण ती ‘मागील दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषे’पासून मोजायची आहे, आणि नियम मुळात रामसर स्थळांना व अधिसूचित पाणथळींना लागू आहेत. महाराष्ट्रात रामसर स्थळं तीन: नांदूर मधमेश्वर, लोणार, ठाणे खाडी. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच देशभरातल्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षणाची तत्त्वं लावायला सांगितली, हे खरं. तरी तुमच्या गावच्या तळ्याची पूररेषा कुणी आणि कधी आखली, हा प्रश्न उरतोच. प्रपोजलमध्ये ‘५० मीटरच्या आत/बाहेर’ असा व्हेरिएबल टाकण्याआधी त्याचं उत्तर हातात हवं.

आणि माहिती अधिकारात ‘पाणथळीबाबत घेतलेली दक्षता’ मागत बसू नका, ‘माहिती निरंक’ असं उत्तर येईल. कलम ५८ खाली आलेलं पत्र मागा, त्यासोबतचा नकाशा मागा, आणि नगररचना विभागाच्या आवक-जावक नोंदवहीतली त्या ३० दिवसांची पानं मागा. त्या मुदतीत पालिकेकडून एकही पत्र गेलं नसेल, तर तो तुमच्या डेटातला रिकामा रकाना समजून गाळून टाकू नका. प्रबंधातलं एक प्रकरण त्यावरच उभं राहतं.