अंगठ्याची चार घरं

साईबाबांचा शिळेवर बसलेला फोटो माहीत नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. शिर्डीच्या दुकानांत तो काचेवर मिळतो, चांदीत मिळतो, किल्लीच्या साखळीत मिळतो. माझ्या मावशीने त्याच फोटोवरून संगणकावर क्रॉस स्टिचचा नमुना तयार केला. मला वाचायचा आहे तो कागदावरचा आलेख, भरून झालेली तसबीर नव्हे. तसबिरीसमोर हात जोडले की डोळे मिटतात. आलेख मात्र उघड्या डोळ्यांनीच वाचावा लागतो.

रुंदीला १४० घरं, उंचीला १८२. इंचाला चौदा घरांच्या कापडावर दहा बाय तेरा इंचांचं चित्र, म्हणजे २५,४८० घरं. सॉफ्टवेअरचं काम इथवर सरळ असतं. फोटोवर जाळी टाकायची, प्रत्येक घरातल्या रंगाची सरासरी काढायची आणि दोऱ्यांच्या यादीतला सर्वांत जवळचा क्रमांक तिथे बसवायचा. डीएमसी या दोऱ्यांच्या कंपनीच्या यादीत पाचशे रंग आहेत. आपल्याकडे अँकरच्या लडी सहज मिळतात, म्हणून दोन्हींचे क्रमांक जुळवणारा तक्ताही सॉफ्टवेअरमध्येच असतो. काळा हवा तर डीएमसीचा ३१०, अँकरचा ४०३.

यंत्राला कफनी काय हे कळत नाही. त्याला पांढऱ्यात पंधरा करडे दिसतात, आणि दोन छटांमधली छटा दाखवायला ते दोन्हींचे ठिपके आलटून पालटून पेरतं. पडद्यावर ते मऊ दिसतं. सुईला मात्र प्रत्येक ठिपक्यापाशी दोरा बदलावा लागतो, आणि भरून झाल्यावर कफनी मळल्यासारखी दिसते. मावशीने हे ठिपके एकेक करून पुसले. घड्यांपुरते तीन करडे ठेवले आणि उरलेली सगळी घरं कोरी सोडली. तिथे पांढरा दोराही नाही, नुसतं कापड. फकिराची कफनी कापडाचीच राहिली! मागची सगळी जागा मात्र गडद करड्याने गच्च भरायची आहे.

ही रीत तिने शोधली असं नव्हे. इटलीतल्या असिसी गावाच्या नावाने ओळखलं जाणारं एक जुनं भरतकाम आहे; त्यात आकृती कोरी ठेवतात आणि भोवतालची जमीन फुल्यांनी भरतात. असिसी हे संत फ्रान्सिसचं गाव. श्रीमंत कापडव्यापाऱ्याचा हा मुलगा सगळं सोडून जाडाभरडा झगा घालून हिंडला. मावशीला यातलं काहीही ठाऊक नसावं. ती सरळ म्हणाली, पांढऱ्यावर पांढरं कशाला भरू?

आता हात आणि पाय. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर, त्या पावलावर डाव्या हाताची बोटं. हेमाडपंतांनी श्रीसाईसच्चरिताच्या बाविसाव्या अध्यायात या बैठकीचं बारकाईने वर्णन केलं आहे: तर्जनी आणि मध्यमा यांच्या मधून दिसणारा पायाचा अंगठा त्यांना फांद्यांमधून दाखवलेल्या चंद्रकोरीसारखा वाटला. बाळाजी वसंत तालीम यांनी फोटोच्या आधारे घडवलेल्या, १९५४च्या विजयादशमीला समाधी मंदिरात बसवलेल्या संगमरवरी मूर्तीचीही बैठक हीच. पण तालीम यांच्या छिन्नीला सावलीची सोय होती. जाळीत बोट आणि अंगठा एकाच रंगाचे. सॉफ्टवेअरने दोन्हींचा एक तपकिरी गोळा करून टाकला होता. मावशीने अंगठ्याला चार घरं दिली, त्यांची छटा एका पायरीने उजळ केली आणि दोन्ही बाजूंना एकपदरी दोऱ्याची बॅकस्टिचची रेघ ओढली. जवळून पाहिलं तर काहीच कळत नाही. चार हात मागे सरा, बोटं सुटी होतात. संपूर्ण आलेखात मला सर्वांत आवडणारी जागा ही. यंत्राच्या सरासरीत जे बुडालं होतं, ते पोथी माहीत असलेल्या हाताने वर काढलं.

चेहऱ्यापाशी मात्र ती कचरली. तिथे यंत्राने दिलेली घरं जवळजवळ तशीच आहेत. भीड समजू शकते, पण दाढीत एकटेदुकटे ठिपके राहिले आणि डावा डोळा गालात विरघळला. कफनीबाबत दाखवलेला धीटपणा इथे हवा होता.

खाली ‘श्रद्धा सबुरी’. (क्रॉस स्टिच आणि सबुरी यांच्यावरचा विनोद वाचकाने स्वतःच करून घ्यावा.) सॉफ्टवेअरमधल्या तयार अक्षरमाला बहुतेक रोमन, त्यामुळे ही अक्षरं तिने घर घर मोजून बसवली. शिरोरेघ जाळीला भारी मानवते, दंडही. अडतं ते वळणांपाशी: ‘श्र’च्या पोटात जिन्याच्या पायऱ्या दिसतात, ‘द्धा’ तर गुंताच झाला आहे. त्या जोडाक्षराला आणखी दोन घरं उंची दिली असती, तर निभावलं असतं. वर तशी जागा आहे. शिळेखालच्या दोन करड्या ओळी काढल्या की झालं.