मुक्तिबोधांचा धूर आणि भिलाईची हद्द

गजानन माधव मुक्तिबोध 1958 मध्ये राजनांदगावला आले. 1959 मध्ये नजीकच्या भिलाईत पहिली झोतभट्टी पेटली. मराठी घरातील या हिंदी कवीच्या ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या कवितेतील कारखान्याचा धूर समीक्षा बहुधा भांडवलशाहीचे प्रतीक म्हणून वाचते. कवितेतील नगर भिलाई नव्हे, हे मान्य. तरीही भिलाईजवळ हे वाचन अपुरे पडते. येथील धुरांडी सार्वजनिक मालकीची आहेत. पोलादनगरीची नागरी व्यवस्था कारखान्याकडे, वैशालीनगरची महानगरपालिकेकडे. कोकवर चालणाऱ्या भट्टीचा कर्बवायू मात्र ही हद्द जाणत नाही. कवितेत रात्री भिंतींवर भित्तिपत्रके चिकटवली जातात. वैशालीनगरात ते पत्रक नेमक्या कोणत्या सत्तेला उद्देशून लिहावे, हा प्रश्न प्रतीकवादी वाचनाला पडतच नाही.