यादी आणि वाट

मराठीत 'पंचक्रोशी' हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. पंचक्रोशीत नावाजलेला वैद्य, पंचक्रोशीतून बाजाराला आलेली माणसं असं आपण सहज म्हणतो. त्यात एक गाव आणि त्याच्या आसपासची गावं येतात. बनारसमध्ये मात्र 'पंचकोसी' म्हटलं की चालण्याचा एक ठरलेला मार्ग डोळ्यांसमोर येतो. मणिकर्णिकेवरून निघायचं, अस्सीवरून शहराबाहेर पडायचं आणि काशी उजव्या हाताला ठेवून साधारण ८० किलोमीटरची प्रदक्षिणा घालून पुन्हा मणिकर्णिकेवर यायचं. वाटेत कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा असे पाच मुक्काम आणि १०८ देवस्थानं. मराठी शब्दात गावं आहेत, बनारसी शब्दात वाट आहे. या वाटेविषयीचा मराठी मजकूर वाचताना मला दोन्ही अर्थ हवेसे वाटतात, आणि दोन्ही एकत्र सापडणं किती अवघड आहे हेही कळतं.

काशीयात्रेचा मराठीतला सर्वांत जास्त वाचला गेलेला मजकूर बहुधा सरस्वती गंगाधरांच्या 'गुरुचरित्रा'त आहे. ४१ आणि ४२ या अध्यायांत एका ब्रह्मचाऱ्याची गोष्ट येते. गुरू, गुरुपत्नी आणि त्यांची मुलं त्याच्याकडे अशक्य वस्तू मागतात. हताश होऊन तो रानात जातो, तिथे त्याला एक अवधूत भेटतो आणि काशीची यात्रा सांगतो. तिथून पुढे नावांमागून नावं येतात: कुंडं, लिंगं, विनायक, देवी, निरनिराळ्या यात्रा आणि त्यांतच पंचक्रोशी. पारायणात हा भाग भराभर उरकला जातो. अभ्यासकही गोष्टीवर थांबतात आणि नावांना 'नामावळी' म्हणून पुढे जातात. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्हाला महाकाव्यांतल्या याद्या शिकवल्या होत्या. जहाजांची यादी, योद्ध्यांची यादी. त्या याद्यांचं काम वैभव दाखवण्याचं असतं. काशीच्या यादीचं काम वेगळं आहे, असं मला वाटतं.

ही यादी क्रमानं वाचायची आहे, आणि तो क्रम पायांखालच्या जमिनीचा आहे. एका नावानंतर दुसरं येतं ते देवाच्या मोठेपणामुळे किंवा ओवीच्या सोयीसाठी येत नाही, ते चालताना पुढे लागतं म्हणून येतं. पंचक्रोशीच्या मार्गावर देवळं उजव्या हाताला आणि धर्मशाळा डाव्या हाताला असण्याची रीत आहे. उजवीकडे क्षेत्र, डावीकडे निजणं, स्वयंपाक, देहधर्म. ही रीत ठाऊक असेल तर यादीतलं प्रत्येक नाव आपोआप उजवीकडे येऊन उभं राहतं. मजकुरानं दिशा सांगितली नाही तरी चालणाऱ्याला ती समजते.

यादीची क्रियापदंही पाहण्यासारखी आहेत. जावे, स्नान करावे, पूजावे. हा विध्यर्थ मराठीत पाककृतीत असतो, औषधाच्या कृतीत असतो, व्रताच्या विधीत असतो. करणारा कोण, कधी करणार, हे वाक्यात नसतं. वाचणारा करू लागला की कर्ता मिळतो. फ्रान्समधल्या ग्रामीण पायवाटांच्या मार्गदर्शिका वाचताना मला याची आठवण झाली. तिथे १९४७ पासून लांब पल्ल्याच्या पायवाटा आखल्या गेल्या. झाडांवर आणि दगडांवर पांढरा-तांबडा पट्टा रंगवलेला असतो, आणि चुकीच्या वाटेच्या तोंडाशी त्याच दोन रंगांची फुली. या वाटांच्या पुस्तिकांतली क्रियापदं बहुधा मूळ रूपात असतात: डावीकडे वळणे, ओढा ओलांडणे, चर्चच्या भिंतीकडेने जाणे. तिथेही कर्ता नाही आणि काळ नाही. भक्तीशी त्या पुस्तिकेचा संबंध नाही, काशीच्या यादीचा भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाशी नाही. तरी दोन्ही एकाच जातीचा मजकूर आहेत, कारण दोन्ही खुर्चीत बसून पुरते वाचता येत नाहीत.

म्हणूनच भाषांतरात या याद्यांचं काय होतं याला महत्त्व आहे. मी बनारसला राहून मराठीतून हिंदीत भाषांतर करते. काही वर्षांपूर्वी मराठीतल्या यात्रावर्णनांचं एक छोटं संकलन केलं, तेव्हा संपादकांनी सुचवलं की नावांचे परिच्छेद कमी करावेत, 'इत्यादी' लिहावं, वाचक कंटाळेल. त्यांची काळजी खोटी नव्हती. पण 'इत्यादी' या शब्दावर कोणालाही पाऊल ठेवता येत नाही. वर्णन संक्षिप्त केलं तर वर्णनच उरतं, फक्त लहान होतं. वाट मधून तोडली की तिची वाट राहत नाही. क्रम, संख्या आणि विध्यर्थ या तीन गोष्टी भाषांतरात टिकल्या तर बाकीची सजावट गेली तरी चालेल, असं माझं मत आहे. हिंदीत 'जाइए' म्हटलं की समोर यजमान उभा राहतो, 'जाना चाहिए' म्हटलं की उपदेशक. 'फिर भीमचंडी जाए' यासारखं जुनं, थोडं खडबडीत रूप मला जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात कोणी मध्ये उभं नाही.

आता यादीची उणी बाजू. यादीत पंचक्रोशी आहे, पण मराठी अर्थानं पंचक्रोशी नाही, म्हणजे गावं नाहीत. मी हा मार्ग चालले आहे. कंदव्याला कर्दमेश्वराचं गाहडवाल काळातलं कोरीव देऊळ आणि समोरचं कुंड, पुढे मोहरीची शेतं, भिंतींवर थापलेल्या गोवऱ्या, हातपंपाशी भांडी घासणाऱ्या बाया, भीमचंडी ते रामेश्वर हा सर्वांत लांब टप्पा, आणि रामेश्वरला वरुणेच्या काठी जुन्या धर्मशाळांच्या रांगा. १८व्या शतकात नाटोरच्या राणी भवानीनं या मार्गावर तलाव आणि धर्मशाळांची कामं करवली. पाणी कोणी भरलं, पीठ कोणी दळलं, अधिक महिन्यात लोटलेल्या गर्दीला जागा कोणी दिली, याबद्दल यादी गप्प आहे.

तसं असण्याची गरज नसते. सांत्यागोच्या यात्रेची १२व्या शतकातली लॅटिन मार्गदर्शिकाही फ्रान्समधून जाणाऱ्या चार वाटांची आणि वाटेवरच्या देवस्थानांची यादीच देते. पण कोणत्या नदीचं पाणी प्यावं, कोणत्या नदीचं पिऊन घोडे मरतात, कुठली माणसं चांगली आणि कुठली लुच्ची, हेही ती सांगते. तिचा लेखक पूर्वग्रहदूषित आहे, नवारच्या लोकांना तर तो शिव्याच घालतो. पण त्याला वाटेवर माणसं दिसतात.

मराठीत ती दृष्टी विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्ये आहे. वरसईचे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेनं १८५७ साली उत्तरेत गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि परतताना गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले. ते पुस्तक आपण झाशीच्या राणीसाठी वाचतो. मी ते चालण्यासाठी वाचते. कुठे मुक्काम पडला, काय शिजवलं, कोणी लुटलं, कोणी आसरा दिला: या तपशिलांत वाट दिसते ती तिच्यावर राहणाऱ्या माणसांसकट. या पुस्तकालाही संपादकाची कात्री लागली. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली ते बरेच फेरफार करून छापलं, मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढला. मधली जवळजवळ साठ वर्षं मराठी वाचकानं गोडसे भटजींची चाल दुसऱ्याच्या पावलांनी ऐकली.

एक वाट चालायला दोन्ही मजकूर लागतात. गोडसे वाचून पंचक्रोशी चालता येणार नाही, अवधूताची यादी वाचून ती कोणाच्या दारावरून जाते हे कळणार नाही. नकाशांतही हीच फूट आहे. जेम्स प्रिन्सेपनं १८२२ साली बनारसचा मोजणी करून नकाशा केला, त्यात गल्ल्या आहेत. कैलासनाथ सुकुल यांचा १८७६चा 'काशीदर्पण' हा क्षेत्राचा नकाशा आहे, त्यात काशी गोल आहे आणि देवळं जागच्या जागी आहेत. प्रत्यक्षातली वाट गोल नाही. काशीवरच्या अलीकडच्या बऱ्याच लिखाणाला दुसऱ्या नकाशाची भुरळ पडलेली दिसते. मंडल, विश्वाची प्रतिकृती, पवित्र वर्तुळ. हे शब्द खोटे नाहीत, पण ते वरून पाहिलेले आहेत. चालणाऱ्याला वर्तुळ कधीच दिसत नाही. त्याला पुढचं देऊळ दिसतं.

हे सगळं आता निकडीचं झालं आहे, कारण वाट बदलते आहे. मार्गाचा बराच भाग आज वाहनांचा डांबरी रस्ता आहे आणि पाच मुक्कामांची यात्रा गाडीनं एका दिवसात उरकता येते. वयस्क माणसांची त्यात सोय आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. महाशिवरात्रीला तरुण मुलंही सगळी वाट एका दिवसरात्रीत संपवतात, पण पायी. गाडीतून यादीचा क्रम टिकतो, मुक्काम मात्र जातात, आणि मुक्कामाबरोबर गावाशी बोलण्याचं निमित्तही. मग यादी खरोखरच नुसती नामावळी होते, जी आपण आजवर तिला म्हणत आलो.

यात्रेच्या शेवटच्या टप्प्यात यात्रेकरू जव टाकत जातात, आणि सगळं आटोपल्यावर साक्षीविनायकाला जातात. यात्रा पुरी झाली याची नोंद त्याच्याकडे होते, अशी श्रद्धा आहे. भाषांतर करताना या विनायकाचं नाव कधी गळू देऊ नये. तो यादीत शेवटी आहे, आणि कात्री बहुधा शेवटापासून चालते. मराठीत आता हवी आहे ती कंदवा, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा इथल्या लोकांनी सांगितलेली पंचक्रोशी, आपल्या शब्दाच्या अर्थानं. भोजपुरीतून ती कोणी उतरवून घेतली, तर मला ती यादीच्या शेजारी, त्याच क्रमानं छापलेली पाहायला आवडेल.