सचिन आऊट, टीव्ही बंद
(दिंडोरी येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय तत्त्वज्ञानाचा वाटणार नाही, पण आहे. एखादा खेळाडू बाकीच्यांपेक्षा फारच मोठा झाला, की त्या खेळातली आपली गोडी वाढते की आटते?

दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. पहिलं असं, की गोडी आटते. मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकला. निकाल ठाऊकच असेल तर बघायचं कशाला? दुसरं असं, की गोडी वाढते. सचिन तेंडुलकर नसता तर क्रिकेट कित्येक स्वयंपाकघरांपर्यंत पोचलंच नसतं. आमच्या मते दोन्ही उत्तरं अर्धी आहेत.

जत्रेतली कुस्ती आठवा. पंच आधी काय शोधतात? जोड. मल्ल कितीही नामांकित असो, जोड मिळाली नाही तर त्याला फेटा बांधून आखाड्यात फिरवता येईल, कुस्ती लावता येणार नाही. वॉल्टर नील या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली मुष्टियोद्धा जो लुईसच्या उदाहरणातून हेच मांडलं. लुईसला सगळ्यांना हरवायचं होतं, पण त्याची कमाई शमेलिंगसारखा तोडीचा प्रतिस्पर्धी असण्यावर अवलंबून होती. आपल्याकडच्या पंचांना हे अर्थशास्त्र न शिकता कळत होतं.

आता सचिनकडे येऊ. ३१ जानेवारी १९९९, रविवार. चेन्नईची कसोटी, समोर पाकिस्तान, विजयासाठी २७१ हव्या होत्या. ८२ धावांत निम्मा संघ गारद. तिथून पाठदुखी सोसत सचिनने डाव ओढत आणला. १३६ धावांवर तो सकलेन मुश्ताकच्या चेंडूवर झेलबाद झाला, तेव्हा १७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. तीन गडी, मंडळी! आणि आम्ही उठून टीव्ही बंद केला. तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल.

पुढे चारच धावांची भर पडली आणि भारत १२ धावांनी हरला. म्हणजे आमचा अंदाज बरोबर ठरला म्हणा ना. पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. पाकिस्तानच्या संघाने मैदानाला फेरी मारली आणि चेन्नईचे प्रेक्षक उभं राहून टाळ्या वाजवत राहिले. हे आम्ही दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचलं. आजही त्याची रुखरुख वाटते.

आता याच्या शेजारी नोव्हेंबर २०१३ चं वानखेडे ठेवा. सचिनची शेवटची कसोटी. भारताचा दुसरा गडी बाद झाला आणि मैदानात जल्लोष उसळला, कारण पुढचा फलंदाज सचिन होता. स्वतःच्या संघाचा गडी पडल्याचा आनंद! निरोपाचा प्रसंग होता, समजून घेऊ. तरी गंमत बघा, तिथे प्रतिस्पर्धी कुणाच्या खिजगणतीत नव्हता. सामना डावाने जिंकला, तिसऱ्या दिवशी संपला. त्या सामन्यातला वेस्ट इंडिजचा एक तरी चेंडू आज तुम्हाला आठवतो का?

आमचा आक्षेप सचिनवर नाही, आमच्यासारख्या चाहत्यांवर आहे. तारा माणसांना खेळाच्या दारापर्यंत आणतो. आत जायचं काम आपलं. आम्ही दारातच उभे राहिलो. आणि यात सचिनचंही आपण नुकसान केलं. त्या १३६ धावा मोठ्या कशामुळे? समोर अक्रम होता, सकलेन होता, म्हणून. जोड नजरेआड केली की मल्लही लहान होतो. ज्याच्यावर आपलं इतकं प्रेम, त्याची उंची मोजायची पट्टीच आपण फेकून देतो. चेन्नईकरांनी ती जपली. त्यांचं सचिनवरचं प्रेम आमच्यापेक्षा कमी नव्हतं, ते अधिक समजूतदार होतं.

आज तुमच्या घरातल्या पोरांचा तारा दुसरा असेल. तो बाद झाल्यावर त्यांना एवढंच सांगा, की बसा, अजून तीन गडी आहेत.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.