आकडा समूहाचा, शिक्का माणसावर

परिभाषा म्हणजे शास्त्राची वजनमापे. मापच खोटे असेल तर हिशेब कितीही काटेकोर केला तरी उत्तर चुकते. हजेरी, पगार, बढत्या, राजीनामे यांच्या नोंदींचे सांख्यिकी विश्लेषण करून भरतीचे आणि नेमणुकांचे निर्णय घेण्याचे एक शास्त्र आता उद्योगांत रूढ झाले आहे. त्याची परिभाषा आपण या कसोटीवर तपासून पाहू.

प्रथम नाव. या शास्त्राला ‘एचआर ॲनॅलिटिक्स’, ‘वर्कफोर्स ॲनॅलिटिक्स’ आणि ‘पीपल ॲनॅलिटिक्स’ अशी तीन नावे आहेत. एकाच तक्त्यातल्या माणसाला पहिले नाव साधन म्हणते, दुसरे बळ म्हणते, तिसरे माणूस म्हणते. तक्ता मात्र बदलत नाही. शिक्षकांना हे नवे नाही. 1985 साली केंद्रातले शिक्षण मंत्रालय ‘मानव संसाधन विकास मंत्रालय’ झाले आणि 2020 साली ते पुन्हा ‘शिक्षण मंत्रालय’ झाले. नुसत्या नावावरून आम्ही भांडणार नाही. आमचा आक्षेप आतल्या शब्दांवर आहे.

‘ॲट्रिशन रेट’ म्हणजे गळतीचा दर. वर्षभरात नोकरी सोडून गेलेल्यांच्या संख्येला त्या वर्षातल्या सरासरी कर्मचारीसंख्येने भागायचे आणि 100 ने गुणायचे. समजा, एका कारखान्यात सरासरी 200 कामगार होते आणि 30 जण सोडून गेले, तर दर 15 टक्के. गणित बरोबर आहे. पण हा आकडा कारखान्याचा आहे, कोणा एका कामगाराचा नाही. आयोडीन-131 चे अर्धायुष्य सुमारे 8 दिवस असते. त्यावरून नमुन्यातले जवळजवळ निम्मे अणू 8 दिवसांत विघटित होतील हे सांगता येते; अमुक एक अणू केव्हा विघटित होईल, हे सांगता येत नाही. शिवाय ते अणू तरी सारखे असतात, कामगार तसे नसतात. त्या 30 पैकी 25 जण रात्रपाळीचे निघाले तर दोष पाळीत शोधायला हवा. ‘गळती’ या शब्दात मात्र फळ आपले आपण गळते. फांदी हलवणारा हात दिसत नाही. शाळेतल्या मुलांच्या ‘गळती’विषयीही हेच म्हणता येईल.

दुसरा शब्द ‘फ्लाइट रिस्क’. हा मुळात न्यायालयातला. जामिनावर सुटलेला आरोपी पळून जाण्याचा धोका, असा त्याचा अर्थ. आता तो नोकरी सोडण्याची शक्यता असलेल्या कर्मचाऱ्याला लावतात. संगणक एखाद्याच्या नावापुढे 0.7 लिहितो. याचा अर्थ इतकाच की, अशाच नोंदी असलेल्या पूर्वीच्या 100 जणांपैकी सुमारे 70 जण सोडून गेले होते. ‘सारख्या नोंदी असलेल्या गटातले प्रमाण’ असे म्हटले तर ते विधान खरे ठरते. त्याचा ‘धोकादायक माणूस’ केला की तो आरोप होतो, आणि त्या माणसाला बाजू मांडायला जागा उरत नाही.

‘भाकीत’ हा शब्दही जपून वापरायला हवा. ॲमेझॉन कंपनीने अर्जदारांना गुण देणारी एक संगणकप्रणाली तयार केली होती. तिला मागच्या 10 वर्षांचे अर्ज शिकवले होते आणि त्यांत बहुसंख्य पुरुषांचे होते. परिणामी, ‘महिलांचा’ अशा अर्थाचा शब्द आला की ती गुण कमी करी. कंपनीने तो प्रकल्प सोडून दिला; 2018 साली ही हकिकत बातम्यांतून बाहेर आली. भविष्य म्हणून जे पुढे आले, ती प्रत्यक्षात भूतकाळाची नक्कल होती.

आता आपल्या अंगणात येऊ. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी 60 मुलांपर्यंत दोन आणि 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक असे प्रमाण आहे. पटावर 61 मुले असताना एक मूल गाव सोडून गेले की या प्रमाणानुसार तिसरे पद उरत नाही. पद हिशेबातून गेले. पण ‘अतिरिक्त’ हे विशेषण कोणाला चिकटते? शिक्षकाला! काल आवश्यक असलेला माणूस आज अतिरिक्त होतो, आणि त्याच्या शिकवण्यात तर तिळमात्र फरक पडलेला नसतो. ‘पद कमी झालेला शिक्षक’ हे शब्द थोडे लांब आहेत, पण खरे आहेत.

आमचा विरोध मोजण्याला नाही. रात्रपाळीचा दोष मोजल्यावाचून कळलाच नसता. आक्षेप आहे तो समूहाचा गुणधर्म व्यक्तीच्या कपाळावर लिहिणाऱ्या शब्दांना. म्हणून असा शब्द समोर आला की तीन प्रश्न विचारावेत: काय मोजले? कोणत्या गटात मोजले? आणि विशेषण कोणाला लावले? नववी-दहावीच्या वर्गात सरासरी शिकवताना ‘हुशार तुकडी’, ‘ढ तुकडी’ हे शब्द घेऊन मुलांकडूनच ही तपासणी करून घ्यावी. सरासरीचा धडा त्यामुळे पक्का होईल, आणि ‘ढ तुकडी’त बसणाऱ्या मुलालाही त्यातून काही मिळेल.