तारे किती खरे?

आता ताऱ्यांकडे वळू. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (तो अंडाकृती चेंडूचा, आपला नव्हे) शाळकरी खेळाडूंना भरतीआधी तारे दिले जातात. जास्तीत जास्त पाच. २४७स्पोर्ट्स ही संस्था दरवर्षी साधारण ३२ जणांना पाच तारे देते, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत जागा ३२ असतात. म्हणजे हे सरळ सरळ भाकीत झालं.

ते फोल आहे म्हणणारे जे. जे. वॉटचं नाव घेतात. दोन ताऱ्यांचा मुलगा, पुढे तीनदा एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू. जॉश ॲलनला तर शाळा संपताना वरच्या विभागातल्या एकाही कॉलेजनं बोलावलं नव्हतं. २०१८च्या ड्राफ्टमध्ये तो सातवा निवडला गेला. आम्हीही ही उदाहरणं उत्साहानं सांगायचो. पण जरा हिशेब करू या. समजा, पहिल्या फेरीत पाच ताऱ्यांचे आठच जण आले आणि बाकीचे चोवीस कमी ताऱ्यांचे. तारे हरले? नाही. आठ आले ते ३२ मधून, म्हणजे चारात एक. चोवीस आले ते दोन हजारांहून जास्त मुलांमधून. विमा कंपनीचं असंच असतं बघा: हजारात किती जातील ते तिला कळतं, कोण जाईल ते नाही. वीस-पंचवीस मुलांची अख्खी तुकडी जोखायला तारे उपयोगी आहेत, एकेका मुलाला जोखायला फार कमी.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे. अलाबामासारख्या कॉलेजनं एखाद्याला बोलावलं की त्याचं रेटिंग वर सरकतं. मग प्रशिक्षकाची पारख आणि संस्थेची पारख वेगळी कशी धरायची? त्यात जुलै २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमावता येतात. भाकीत होतं, त्याचा भाव झाला. सतराव्या वर्षी अंग न भरलेल्या पोराला, विशेषतः लाइनमध्ये खेळणाऱ्याला, हे महागात पडतं. त्याचं शरीर अजून घडायचंच असतं.

वॉट विस्कॉन्सिनला गेला तो स्कॉलरशिपशिवाय. ज्यांच्या घरी तेवढी ऐपत नव्हती, ती दोन ताऱ्यांची पोरं आपल्या उदाहरणांत येतच नाहीत.