वण पुसट होतो, श्रेय लिंबाला

एका माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या शिक्षिकेने आम्हाला एक कात्रण पाठवले आहे. वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीतील सौंदर्यविषयक सदराचे हे कात्रण, मथळा ‘वण घालवा घरच्या घरी’. सोबतच्या पत्रात बाई लिहितात, की त्यांच्या वर्गातील एका मुलीच्या हातावर लहानपणी उकळता चहा सांडल्याचा वण आहे. हे सदर वाचून तिने आठवडाभर रोज सकाळी हातावर लिंबाची फोड चोळली. त्याच आठवड्यात क्रीडास्पर्धांचा सराव होता, त्यामुळे दुपारपर्यंत ती मैदानावर होती. दोन दिवसांत वणाभोवतीची चांगली कातडी लाल झाली, बारीक फोड आले आणि ते बरे झाल्यावर पूर्वी कधीच नव्हता असा काळा पट्टा उमटला. आता ती भर उन्हातही स्वेटर काढत नाही. बाईंचे दोन प्रश्न आहेत. तिला काय सांगावे? आणि या सदरात चूक कुठे आहे, हे मुलांना कसे दाखवावे?

एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे हे कात्रण आम्ही वाचले. त्यात नऊ उपाय आहेत: लिंबाचा रस, कांद्याचा रस, हळद व साय, मध, कोरफडीचा गर, बटाट्याची चकती, खाण्याचा सोडा, खोबरेल तेल आणि ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून लावणे. प्रत्येकाखाली ‘नियमित लावल्यास काही आठवड्यांत फरक जाणवेल’ असे वाक्य आहे, आणि शेवटी ‘सर्व उपाय नैसर्गिक असल्याने दुष्परिणाम नाहीत’ अशी हमी आहे. असा मजकूर आता मोबाइलवरूनही घरोघर पोचतो. शब्द जवळपास तेच असतात. म्हणून ही टीका एका सदरावर नसून अशा लेखनाच्या पद्धतीवर आहे, असे वाचकांनी समजावे.

एका शब्दात तीन गोष्टी

पहिला दोष असा, की लेखात ‘डाग’ आणि ‘वण’ हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. प्रत्यक्षात या वेगळ्या गोष्टी आहेत.

डास चावला, पुळी आली, खाजवले, की त्वचेचा दाह होतो आणि तिथे मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार होते. पुळी जाते, काळसर डाग मागे राहतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत हे फार दिसते. त्वचेची रचना मात्र इथे मोडलेली नसते. बाह्यत्वचा सतत नवी होत असते, त्यामुळे बहुतेक डाग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप फिके होतात.

वण निराळा. जखम बाह्यत्वचेखालच्या अंतस्त्वचेपर्यंत गेली, की शरीर तिथे घाईने ठिगळ लावते. या ठिगळाचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. निरोगी त्वचेत त्याचे तंतू टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. वणात ते बरेचसे एकाच दिशेने, समांतर पडतात. घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे तिथे पुन्हा तयार होत नाहीत. वणाची ताकद हळूहळू वाढते, पण मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे ती जात नाही.

तिसरा प्रकार कीलॉइडचा. इथे ठिगळ लावण्याचे काम थांबतच नाही आणि वण जखमेची हद्द ओलांडून वाढत जातो. कान टोचल्यावर पाळीवर आलेली टणक गाठ अनेकांनी पाहिली असेल. तिच्यावर लिंबू किंवा सोडा चोळणे म्हणजे आधीच चिडलेल्या जागेला आणखी चिडवणे.

तीन गोष्टींची कारणे वेगळी असताना एकच लेप तिन्हींवर चालेल, असे मानायला आधार काय? लेखात हा प्रश्नच येत नाही.

फरक कोणी केला?

दुसरा दोष अधिक खोलवर आहे, आणि विज्ञान शिकवणाऱ्याच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. ताजा वण लालसर, काहीसा उंच आणि खाजरा असतो. पुढे वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ, शरीर त्याची डागडुजी करत राहते. जास्तीच्या रक्तवाहिन्या कमी होतात, घाईत घातलेले कोलॅजेन मोडून जास्त टिकाऊ कोलॅजेन घातले जाते. परिणामी बहुतेक वण काहीही न लावता सपाट आणि फिके होतात. या काळात कांदा लावा, बटाटा लावा, नाहीतर रोज त्याच्याकडे नुसते बघा. ‘काही आठवड्यांत फरक जाणवेल’ हे वाक्य खरेच ठरणार! उपाय केला आणि फरक पडला, एवढ्यावरून उपायामुळे फरक पडला असे म्हणता येत नाही. उपाय न करता काय झाले असते, हे कळायला हवे.

इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या पोटावर एका शस्त्रक्रियेचा वण आहे. त्यावर आम्ही दोन महिने ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून चोळली. वण पुसट झाला आणि आम्ही चार जणांना तोच सल्ला दिला. प्रयोगशाळेत तुलनेसाठी नमुना ठेवल्याशिवाय एकही प्रयोग न करणारे आम्ही, स्वतःच्या पोटावर मात्र तुलना विसरलो.

ती तुलना अमेरिकेत मायामी विद्यापीठातील दोन संशोधकांनी केली होती. निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्वचेच्या कर्करोगाची गाठ काढलेल्या १५ रुग्णांचे ताजे वण त्यांनी घेतले. प्रत्येक वणाचे दोन भाग कल्पिले. एका भागावर साधे मलम, दुसऱ्यावर तेच मलम ‘ई’ जीवनसत्त्व मिसळून. कोणते मलम कोणते, हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि वण तपासणाऱ्यालाही. माणूस तोच, जखम तीच, काळ तोच. फरक फक्त जीवनसत्त्वाचा. दहापैकी नऊ रुग्णांत जीवनसत्त्वाचा एकतर काही परिणाम दिसला नाही किंवा वण अधिक वाईट दिसू लागला. एकतृतीयांश रुग्णांना त्या जीवनसत्त्वाने त्वचेचा दाह झाला. १५ रुग्ण ही संख्या लहान आहे, हे खरे. पण या छोट्याशा प्रयोगात आमच्या दोन महिन्यांच्या चोळण्यापेक्षा जास्त विज्ञान आहे.

कांद्याच्या अर्काच्या मलमाचीही अशीच परीक्षा झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २४ रुग्णांच्या वणाच्या अर्ध्या भागावर कांद्याचा अर्क आणि अर्ध्यावर साधी पेट्रोलियम जेली लावली. दोन्हींत फरक आढळला नाही. इतर काही चाचण्यांत थोडा फायदा नोंदला गेला आहे, हेही सांगितले पाहिजे. परंतु ते कारखान्यात ठरावीक प्रमाणात बनवलेले मलम होते. स्वयंपाकघरात किसलेल्या कांद्याला त्याचे प्रमाणपत्र देता येत नाही.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी?

तिसरा दोष त्या शेवटच्या हमीत आहे, आणि त्या मुलीला भोवला तो हाच. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या आसपास असतो, त्वचेच्या पृष्ठभागाचा साधारण ५. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक, हे आपण वर्गात शिकवतो. म्हणजे हा रस त्वचेच्या शेकडो पटींनी आम्ल ठरतो. खाण्याच्या सोड्याचे द्रावण ८ च्या वर, म्हणजे उलट टोकाला.

आम्लतेपेक्षाही मोठा धोका फ्युरोकुमारिन गटातील रसायनांचा आहे. ती लिंबात, विशेषतः सालीत, असतात. त्वचेवर ती असताना ऊन पडले, तर उन्हातील अतिनील किरणांमुळे ती सक्रिय होतात आणि त्वचेच्या पेशींना इजा करतात. लाली आणि फोड लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी येतात. त्यामुळे दोष लिंबाकडे जातच नाही. नंतर उमटणारा काळा पट्टा काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. डाग घालवायला लावलेला रस डाग पाडून जातो, आणि तोही पूर्ण नैसर्गिक रीतीने.

आजीचा बटवा, आजीचा चेहरा

अशा लेखांचा शेवटचा आधार म्हणजे परंपरा. ‘आजीबाईच्या बटव्यातील’ हे विशेषण लागले, की प्रश्न विचारणे उद्धटपणाचे ठरते. आमच्या आजीकडे असा बटवा खरोखर होता. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वणही होते. लहानपणापासून तिला हळद, साय, मसुराचे पीठ, काय काय लावले गेले, हे ती हसत सांगत असे. वण शेवटपर्यंत राहिले. देवीचे वण घेऊन जगलेली अशी माणसे गावोगाव होती. घरगुती लेपांनी वण जात असते, तर ते चेहरे आम्हाला दिसलेच नसते. ते वण संपवले लसीने. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. त्यानंतर नवे वण झालेच नाहीत.

हळदीचे पेटंटही या संदर्भात नेहमी पुढे केले जाते. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. अभिमान वाटावा अशीच ही घटना आहे. पण त्यातून सिद्ध काय झाले? हा वापर भारतात पूर्वीपासून माहीत होता, म्हणून नवा नाही, एवढेच. हळदीने वण जातात की नाही, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हता. शिवाय जखम भरणे वेगळे आणि भरलेल्या जखमेचा वण पुसट होणे वेगळे. मधाच्या बाबतीतही हाच घोळ होतो. भाजलेली जखम लवकर भरण्यासाठी त्याचा उपयोग काही चाचण्यांत दिसला आहे, पण जुन्या वणाबद्दल ते काहीच सांगत नाही.

मग करावे काय?

नऊ उपायांतला एक आम्ही टीकेतून वगळला होता, तो खोबरेल तेलाचा. भरलेल्या, कोरड्या वणावर हलक्या हाताने तेल किंवा पेट्रोलियम जेली लावली, तर कातडी मऊ राहते आणि खाज कमी होते. वण त्याने पुसला जात नाही, पण अपायही सहसा नाही. नव्या वणाला उन्हापासून झाकणे, हा घरच्या घरी करण्याजोगा सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त उपाय; कारण ऊन लागले, की तो अधिक काळवंडतो. उंचावलेल्या वणांसाठी डॉक्टर सिलिकोनच्या पट्ट्या सुचवतात. त्यांनी थोडाफार फायदा होत असावा, पण त्यांच्याही चाचण्या फारशा भक्कम नाहीत, हे मोकळेपणाने सांगावे. वाढत जाणारा, दुखणारा किंवा सांधा आखडवणारा वण त्वचारोगतज्ज्ञ अथवा प्लॅस्टिक सर्जनकडेच न्यावा. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले ‘गोरे करणारे’ मलम तर मुळीच लावू नये. त्यात स्टेरॉइड असू शकते, आणि त्याच्या दुरुपयोगामुळेच २०१८ साली अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली.

मोठा फायदा मात्र वण होण्यापूर्वीच्या मिनिटांत आहे. भाजल्याबरोबर तो भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांतले काही लावू नये. हे एक वाक्य प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असायला हवे. त्या कात्रणात ते कुठेच नाही.

वर्गात

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नासाठी एक सोपा उपक्रम सुचवतो. कोणाच्याही त्वचेवर काहीही लावायचे नाही. डास चावून पडलेला स्वतःचा एखादा डाग निवडावा. दर रविवारी त्याच वेळी, त्याच उजेडात, शेजारी एक नाणे ठेवून त्याचा फोटो काढावा किंवा वहीत चित्र काढून रंगाची नोंद करावी. आठ आठवड्यांनी नोंदी ओळीने मांडाव्यात. काही न लावता डाग फिका झालेला मुले स्वतः पाहतील. मग ते कात्रण वाचून दाखवावे आणि विचारावे: तुम्ही या दिवसांत बटाटा लावला असता, तर श्रेय कोणाला दिले असते? सामूदर्शक कागदाने लिंबू आणि सोडा तपासणे ही त्याची जोड.

यात थोडा दोष आमच्याकडेही येतो. ‘ई’ जीवनसत्त्वाचा तो प्रयोग दोन दशकांहून जुना आहे. आमच्यासारख्या संशोधकांनी तो मराठीत वेळेवर सांगितला असता, तर सदर लिहिणाऱ्यांना निदान निमित्त उरले नसते.

आता पहिला प्रश्न. त्या मुलीला सांगा, की लिंबाने पडलेला काळा पट्टा बहुधा काही महिन्यांत फिका होईल; तोवर हात उन्हापासून झाकावा आणि एकदा डॉक्टरांना दाखवावा. चहाचा जुना वण पूर्ण जाणार नाही, हेही खरे सांगा. कात्रणाची सुरुवात ‘वणामुळे सौंदर्य डागाळते’ या वाक्याने होते. त्या नऊ उपायांइतकेच ते वाक्यही तपासून पाहण्याजोगे आहे. एवढ्या मोठ्या भाजण्यानंतर तिच्या शरीराने हात पुन्हा शिवून दिला, त्याची ती खूण आहे. तिने स्वेटर घालायचा तर तो उन्हासाठी घालावा, लाजेसाठी नव्हे.